भांगाचे दिवस

पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. अष्टमीच्या आगेमागे जे होतं, त्याला आमच्या किनाऱ्यावर भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत भरती येते, पण उधाणाच्या खुणेपर्यंत पोचत नाही. ओहोटीही लागते, पण पाणी फार आत जात नाही. थोडं चढतं, थोडं उतरतं. परगावचा माणूस पाहायला आला तर त्याला वाटावं, आज समुद्रात काही घडतच नाहीये.

मला येत्या आषाढात पन्नास पूर्ण होतील. गेली दोन-तीन वर्षं माझे दिवस मला भांगासारखे वाटत आले आहेत. हे बरं की वाईट, ते मात्र कळत नव्हतं.

मी डहाणूत मसोलीला जन्मले आणि आजही तिथेच राहते. लग्नानंतर काही वर्षं बोईसरला काढली. आई गेली तसे आम्ही अण्णांजवळ राहायला आलो. अण्णांनी उभा जन्म चिकूच्या वाड्यांमध्ये देखरेखीचं काम केलं. आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत, नजर अधू झाली आहे, पण चिकू हातात दिला की अजून अंगठ्याच्या नखाने हलकेच खरवडतात. साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर फळ कच्चं आणि पिवळट दिसलं तर उतरवायला तयार. त्यांना रंग दिसत नाही, मग मला विचारतात, "बघ गं, हिरवं का पिवळं?" चिकू बाहेरून कच्चा काय नि तयार काय, सारखाच मातकट. आंब्यासारखा रंग नाही, वास नाही. लहानपणी मला ते फार कंटाळवाणं फळ वाटायचं. हल्ली अण्णांनी पुढे केलेला चिकू मी उजेडाकडे धरते आणि बराच वेळ बघत राहते.

वयाची गणती आपल्या भाषेत मोठी नेमकी आहे. विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी. यातली चाळिशी तेवढी वस्तूही आहे. तिशी कुणी नाकावर ठेवत नाही, चाळिशी ठेवतात. मला ती उशिरा लागली, शेहेचाळिसाव्या वर्षी. लागली तेव्हा हातात पाला मासा होता.

ज्यांनी पाला खाल्ला नाही त्यांना सांगते. चवीला त्याला तोड नाही, पण काटे असे की एका घासात वीस निघावेत. केसासारखे बारीक आणि काही दुहेरी फाट्यांचे. लहानपणी पावसाळ्यात घरी पाला आला की अण्णा माझ्या ताटाशी बसायचे. मासा बोटांनी उलगडायचे, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायचे आणि साफ झालेलं मांस माझ्या भातावर ठेवायचे. त्यांचा स्वतःचा भात तोवर गार झालेला असायचा. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

त्या दिवशी मी अण्णांसाठी काटे काढत होते. डाव्या हाताला अण्णांचं ताट, उजव्या हाताला मुलीचं. ती तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, पण पाला खायला शिकली नाही, आजही शिकलेली नाही. मी दोन्हीकडचे काटे काढत होते आणि एकाएकी मला काटाच दिसेना. मासा डोळ्यांजवळ नेला तर धूसर, लांब धरला तर स्पष्ट. हात लांब करून, मान मागे घेऊन, मी ताटाकडे परक्यासारखी बघत बसले. अण्णांना दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं. म्हणाले, "चाळिशी लागली तुला." त्यांच्या आवाजात हळहळ नव्हती. पोरीला पहिला दात आला, असं सांगावं तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून चष्मा आणला. पाल्याचे काटे दिसू लागले. त्या दोन ताटांच्या मधे मी कुठे बसले आहे, तेही दिसलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा डहाणू तालुक्यातच, आत डोंगराच्या अंगाला आहे. पाड्यावरची मुलं वारली. ती लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. नव्याने बदली होऊन आलेल्या शिक्षकांना सुरुवातीला ते खटकतं, मला त्यात नेहमी ऊब वाटत आली. मागच्या जूनमध्ये पहिलीत आलेला एक मुलगा माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होता. मग म्हणाला, "बाई, माझ्या आईला पण तूच शिकवलं?" मी हो म्हटलं. त्याने मनाशी काही हिशेब केला आणि विचारलं, "मग तू अजून शिकवते?"

त्याला उत्तर दिलं नाही. घरी येताना बसमध्ये तेच वाक्य कानात होतं. अजून शिकवते. खरंच, अजून म्हणजे काय? माझी आई एकसष्टाव्या वर्षी गेली. तो आकडा मी कधी मुद्दाम काढत नाही, पण वाढदिवस आला की वजाबाकी आपोआप होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मृत्यूची भीती वाटते असं म्हणणं तितकं बरोबर नाही. वाटते ती वेगळीच गोष्ट. उजेड आहे, दिवस बराच बाकी आहे, पण सकाळ संपली आहे. नवीन काही मांडायला घेतलं तर ते आवरायला वेळ उरेल का, असं मनात येतं, आणि माणूस मांडतच नाही.

बायकांच्या बाबतीत त्यात शरीराचं दुखणं मिसळतं. ते मला कळलं लोकलच्या डब्यात. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली. 2014 साली आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जिल्हा परिषदेच्या कामांना, प्रशिक्षणांना पालघरला जाणं सुरू झालं. त्या जाण्यायेण्यात मला लेडीज डब्याची सवय लागली. संध्याकाळी परतणाऱ्या बायका वालाच्या शेंगा सोलतात, मेथी निवडतात. एकदा अशीच मेथी निवडता निवडता एक जण म्हणाली, "मला रात्री दोन-दोन वेळा गाऊन बदलावा लागतो, एवढा घाम." एवढ्यावर आख्खा कंपार्टमेंट मोकळा झाला. कुणाची पाळी वर्षापूर्वी थांबली होती, कुणाची महिन्यात दोनदा येत होती, कुणाला कारण नसताना रडू फुटत होतं, कुणाला नवऱ्याच्या श्वासाचा आवाजही सहन होत नव्हता. सगळ्या एकमेकींना औषधं सांगत होत्या. मग खिडकीपाशी बसलेली, तोवर गप्प असलेली एक बाई म्हणाली, "हे घरी कुणाला सांगायचं?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. वाणगाव आलं, ती उतरून गेली.

तुमच्या घरात या वयाची कुणी बाई रात्री उठून अंधारात बसत असेल, तर तिला विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही. लोकलमधल्या अनोळखी बायकांना सांगेल, तुम्हाला नाही.

उतारवय हा शब्द मी आयुष्यभर ऐकला आणि बिनविचार वापरला. त्याचा अर्थ माझ्यासाठी बदलला तो विवळवेढ्याला.

विवळवेढ्याची महालक्ष्मी म्हणजे डहाणू-तलासरीकडच्या माणसांची आई. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस यात्रा भरते, वारली, कोकणा, धोडिया, मांगेले, शिवाय गुजरातेतून आणि दादरा-नगर हवेलीतून माणसं येतात. देवीचं मूळ ठाणं वर गडावर, देऊळ खाली पायथ्याशी. असं का, याची कथा इकडे प्रत्येकाला पाठ असते. एक गरोदर बाई देवीच्या दर्शनाला गड चढत होती, अर्ध्या वाटेत तिला घेरी आली. देवीने तिचे हाल पाहिले आणि सांगितलं, आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी पायथ्याला आली.

कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी धापा टाकत गडावर जायचो, पायथ्याच्या देवळात परतीच्या वाटेवर हात जोडायचो. वर जाणं हेच खरं दर्शन वाटायचं. तीन वर्षांपूर्वी मुलीबरोबर गेले तेव्हा गुडघा दुखत होता. ती म्हणाली, "आई, तू बस इथे, मी जाऊन येते." मी पायथ्याशी बसले. भोवती म्हाताऱ्या होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या पोरी होत्या, एका पायाने अधू असलेला एक माणूस होता. गडावर पोचणाऱ्यांपैकी यातलं कुणीच नव्हतं. देवी यांच्यासाठी खाली आली होती. मला चाळीस वर्षं पाठ असलेली कथा त्या दुपारी पहिल्यांदा कळली. उतरणं म्हणजे ताकद संपणं, एवढाच अर्थ मी धरून बसले होते. आमची देवी ताकद संपली म्हणून उतरली नव्हती. कुणाला तरी चढवत नव्हतं, म्हणून उतरली होती.

त्यानंतर मला ताराबाई मोडक निराळ्या दिसू लागल्या. डी.एड.ला असताना त्यांच्यावर टीप लिहिली होती, पाच मार्कांची. जन्म 1892. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ. 1936 साली दादरला शिशुविहार. पुढे 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र. टीप लिहिताना मी ही सालं एकाखाली एक मांडली होती, वजाबाकी केली नव्हती. ती केली पन्नाशी दिसू लागल्यावर. बोर्डीला आल्या तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

त्रेपन्न! मुंबईत नाव झालेलं, संस्था उभ्या राहिलेल्या. त्या वयाची बाई दादर सोडून चिकूच्या वाड्यांच्या आणि ताडाच्या गावात आली. इथे आल्यावर तिला दिसलं की बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येत नाहीत. कशी येतील? कुणी धाकट्याला सांभाळतंय, कुणाला कुणी आंघोळ घालून पाठवायला नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडी आली ती अशी. आज देशाच्या कानाकोपऱ्यात जो शब्द सरकारी पाटीवर रंगवलेला असतो, तो आमच्या या किनाऱ्यावर, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईने चार पावलं पुढे टाकली म्हणून रुजला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 सालची. तोवर ताराबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरायची. गुरं चरतात तिथेच शाळा. या साऱ्यात त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेली मुलगी शिकून शिक्षिका झाली, पस्तिसाव्या वर्षी ताराबाईंबरोबर बोर्डीला आली आणि मग इथलीच झाली. 1973 साली ताराबाई गेल्या तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. संस्थेचा भार त्यांनी त्या वयात पेलला आणि 1992 साली जाईपर्यंत काम सोडलं नाही.

1945 हेच वर्ष आमच्या मुलखात आणखी एका बाईचं. झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली, तेव्हा त्यांना एकत्र आणणाऱ्या गोदावरी परुळेकर सदतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याविषयी इथल्या घराघरांत इतकं बोललं जातं की मी वेगळं काय सांगणार! मला एवढंच दिसतं की ज्या वयात आम्ही घराचे हप्ते आणि मुलांचे क्लास यांच्या गणितात असतो, त्या वयात त्या डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर पायी हिंडत होत्या.

मी ताराबाई नाही. कुणाला हुरूप यावा म्हणून ही नावं घेतली नाहीत. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांची एक कृती जवळची वाटते: एवढं शिकलेली बाई पुन्हा अंगणात मांडी घालून बसली, हाती असलेली पद्धत इथे चालत नाही हे कबूल केलं आणि पोरांकडून शिकली. विशीत मला हे जमलं नसतं. विशीत मला मुलांनी माझ्यापर्यंत यावं असं वाटायचं, आणि नाही आली की राग यायचा.

माझ्या शाळेच्या पाड्यावर लग्न लागतं तेव्हा मंत्र म्हणायला भटजी नसतो, धवलेरी असते. ती गाण्यांतून लग्न लावते. ती गाणी कुठे लिहिलेली नसतात, दुसऱ्या धवलेरीच्या मागे बसून, वर्षानुवर्षं ऐकून पाठ करायची असतात. ज्यांना मी धवलेरी म्हणून पाहिलं, त्या सगळ्या माझ्या वयाच्या किंवा मोठ्या. घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, मधे पालघट देवी. चौक 'काढला' असं आमची मुलं म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. हे बायकांचं लेणं. जिव्या सोमा मशे यांनी ते गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावरून जगासमोर नेलं. त्यांचा जन्म 1934चा आणि त्यांची चित्रं बाहेरच्या जगाला दिसू लागली ती सत्तरच्या दशकात, म्हणजे चाळिशीच्या आगेमागे. पद्मश्री मिळाली 2011 साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मी मुलांना त्यांच्याबद्दल सांगते तेव्हा त्यांना पुरस्काराचं काही वाटत नाही. त्यांना एवढंच महत्त्वाचं वाटतं की तो 'आपल्या इथला' होता.

आणि एक दिवस सांगायचा राहिला. 2018च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलू लागली. महिनोन्‌महिने धक्के बसत राहिले. रात्री माणसं घराबाहेर झोपायची, थंडीत. वर्ग बाहेर भरवायचे दिवस आले. मी मुलांना झाडाखाली घेऊन बसायचे. एका दुपारी फळ्यावर पाढा लिहीत असताना जमिनीतून तो आवाज आला, आधी आवाज येतो, मग हलतं. माझ्या पायांतलं बळ गेलं. मला पळावंसं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्याच क्षणी माझ्या करंगळीला कुणीतरी धरलं. पहिलीतली मुलगी होती, रडत नव्हती, नुसतं धरून उभी होती. मी खाली मातीत बसले, ती माझ्या मांडीवर बसली, मग दुसरी आली, मग तिसरा. धक्का काही सेकंदांचा. आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो. मी तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसची होते. या वयात आपल्याला भ्यायला जागा उरत नाही, कारण आपल्या अंगावर कुणीतरी बसलेलं असतं. घरी आल्यावर अण्णांच्या खोलीतला पंखा हलताना पाहिला आणि मग मी एकटी मोरीत जाऊन रडले.

मासे घेऊन दारावर येणारी एक मांगेला काकी आहे. तीस वर्षं तिचं आमच्याकडे येणं आहे. ती आईची मैत्रीण, आता माझी. मागच्या महिन्यात लागोपाठ चार दिवस आली नाही, म्हणून संध्याकाळी तिच्याकडे गेले. किनाऱ्याला, घरापुढच्या वाळूत, ती आणि तिचा दीर जाळं पसरून बसले होते. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "भांग आहे ना." मला सवयीने वाटलं की धंदा बुडाल्याचं दुःख सांगतेय. पण ती पुढे म्हणाली, डोल जाळं लावायचं तर पाण्याला ओढ लागते. उधाणात ओढ असते तेव्हा मासळी लागते, आणि जाळंही तेव्हाच फाटतं. फाटलेलं शिवायचं कधी? उधाणात जाळं शिवायला कुणाला सवड असते?

मी तिच्याशेजारी बसले. तिने जाळ्याचा एक पदर माझ्या मांडीवर टाकला आणि ताणून धरायला सांगितलं. जाळं ओलं होतं, त्याला सुकटीचा वास होता. तिची बोटं भोकाच्या कडेने फिरायची, गाठ मारायची, पुढे जायची. तिला जवळचं दिसत नाही, चष्मा लावत नाही. फाटलेलं कुठे आहे ते बोटांना कळतं. मी पर्समधून चाळिशी काढून घातली आणि माझ्या बाजूची भोकं दाखवू लागले. काही तिने आधीच हेरलेली होती, काही तिला माझ्यामुळे सापडली. अंधार पडेपर्यंत एक बाजू झाली.

उठताना तिने फडक्यात बांधून मूठभर सुके बोंबील दिले. पैसे घेतले नाहीत. मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या. अण्णा जेवताना म्हणाले, "आज काटे नाहीत का?" मी नाही म्हटलं. त्या रात्री अण्णा, मुलगी आणि मी, तिघांनी एकाच वेळी, गरम गरम जेवण केलं.

आज पुन्हा अष्टमी आहे. शाळा सुटल्यावर मी काकीकडे जाणार आहे. जाळ्याची दुसरी बाजू राहिली आहे आणि चार-पाच दिवसांत पाणी वाढायला लागेल.